एका डेस्कटॉपला तीन वेगवेगळे मॉनिटर: कुठल्या पोर्टला कुठला अडॅप्टर लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेस्कटॉपला तीन मॉनिटर लावायचेत. ग्राफिक्स कार्डाला मागे एक डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय आणि एक डीव्हीआय-डी असे तीन पोर्ट. मॉनिटरपैकी एक नवा २७ इंची, १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) १४४ हर्ट्झवाला, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही आहेत. दुसरा २४ इंची फुल एचडी, त्याला एचडीएमआय आणि व्हीजीए. तिसरा जुना १९ इंची चौकोनी, त्याला फक्त व्हीजीए. डीव्हीआयचं व्हीजीए करणारा छोटा कनेक्टर आणला तर तो कार्डात बसतच नाही, आणि एचडीएमआय ते व्हीजीए अशी साधी केबल आणली तर ती बसते पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवून झोपून जातो. कार्ड खराब आहे का, असा प्रश्न आहे.

कार्ड खराब नाही. आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. २७ इंचीला डिस्प्लेपोर्टची सरळ केबल लावा, मध्ये काहीही नको. २४ इंचीला कार्डाच्या डीव्हीआयमधून डीव्हीआय ते एचडीएमआय केबल द्या, साधी, चिप नसलेली चालते. आणि कार्डाचा एचडीएमआय पोर्ट जुन्या १९ इंचीसाठी ठेवा, तिथे एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, पण आत चिप असलेला, ज्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात तो, आणि त्याच्यापुढे मॉनिटरची नेहमीची व्हीजीए केबल.

आता तुम्हाला वाटेल की २४ इंचीला एचडीएमआय आहे, कार्डालाही एचडीएमआय आहे, मग ते दोन सरळ जोडायचे सोडून डीव्हीआयचा वळसा कशाला. कारण डीव्हीआय आणि एचडीएमआय या दोघांत चित्राचा सिग्नल एकच असतो. डीव्हीआय आला १९९९ मध्ये, एचडीएमआयचं पहिलं व्हर्जन २००२ च्या शेवटी, आणि एचडीएमआय बनवताना चित्र पाठवायची पद्धत डीव्हीआयचीच घेतली, वर आवाज वगैरे जोडला. त्यामुळे त्या दोघांमधला अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या, चित्रात काडीचाही फरक पडत नाही, आणि केबल उलटसुलट कशीही लावली तरी चालते. मग जो मॉनिटर वळशाने जाऊनही चित्रात काही गमावत नाही त्याला वळसा द्यायचा आणि एचडीएमआय पोर्ट त्याला द्यायचा ज्याला खरोखर कन्व्हर्टर लागणार आहे. डीव्हीआय-डी ते व्हीजीए असे अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरही असतात पण ते कमी बघायला मिळतात आणि बऱ्याच वेळा त्यांना वेगळी यूएसबीची वायर लावावी लागते, त्यापेक्षा एचडीएमआय ते व्हीजीए कुठेही मिळतो.

तीन मॉनिटर जोडायला बसलात की पहिल्यांदा अडॅप्टर शोधू नका, आधी कुठला मॉनिटर कुठल्या पोर्टवर जाणार ते ठरवा. सगळ्यात चांगल्या मॉनिटरला सरळ केबल, सगळ्यात जुन्याला कन्व्हर्टर. लोक उलटं करतात, जो पोर्ट आधी दिसला त्यात जी केबल हातात आहे ती घालतात आणि मग उरलेल्या जोडीसाठी अडॅप्टर शोधत बसतात, आणि उरलेली जोडी नेमकी नव्या मॉनिटरची निघते. मग १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालतो आणि कुणाला कळतही नाही.

आता तो छोटा कनेक्टर का बसत नाही ते बघू. हातात घेऊन त्याच्या डीव्हीआयच्या बाजूकडे नीट बघा. एका कडेला एक चपटी आडवी पट्टी आहे आणि त्या पट्टीच्या वर दोन, खाली दोन अशा चार सुट्या पिना. आता कार्डाचा डीव्हीआय पोर्ट टॉर्च मारून बघा, तिथे पट्टीची खाच आहे पण आजूबाजूला चार भोकं नाहीत. त्या चार पिना आणि ती पट्टी मिळूनच जुना अ‍ॅनालॉग सिग्नल नेतात. ज्या पोर्टला ती भोकं असतात तो डीव्हीआय-आय, म्हणजे डिजिटल आणि अ‍ॅनालॉग दोन्ही एकाच पोर्टात. जुन्या कार्डांवर सर्रास हाच असायचा, म्हणून तो छोटा कनेक्टर तेव्हा चालायचा, तो काही कन्व्हर्ट करत नव्हता, कार्ड स्वतःच व्हीजीएचा सिग्नल त्या चार पिनांवर देत होतं आणि कनेक्टर तो फक्त बाहेर काढून देत होता. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० मध्ये हा अ‍ॅनालॉग भाग काढून टाकला, एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० सिरीजपासून काढला. त्यानंतरच्या कार्डांत डीव्हीआय दिसला तरी तो डीव्हीआय-डी असतो, फक्त डिजिटल.

आणि हे कळकळीने सांगतो, त्या चार पिना पकडीने मोडून कनेक्टर आत बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याची पट्टीही कार्डाच्या खाचेपेक्षा रुंद असते, त्यामुळे तो नीट बसणार नाही, आणि बसवलाच तरी चित्र येणार नाही, कारण ज्या पिनांतून चित्र येणार होतं त्याच तुम्ही मोडल्या आणि पलीकडे कार्डात तो सिग्नल तयारच होत नाही.

एचडीएमआय ते व्हीजीए साध्या केबलचं पण तेच. व्हीजीए १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर आला, त्यात लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांच्या तारांवर व्होल्टेज कमीजास्त होतं, शून्य ते साधारण ०.७ व्होल्टच्या मध्ये, जितकं जास्त तितका रंग उजळ. एचडीएमआयमध्ये शून्य-एकचा डिजिटल प्रवाह असतो. एक पाइप दुसऱ्या मापाच्या पाइपला रिड्युसर लावून जोडता येतो कारण दोन्हीकडे पाणीच आहे, इथे एकीकडे पाणी आणि दुसरीकडे वीज असल्यासारखं आहे, नुसता सांधा देऊन भागत नाही. मध्ये अशी चिप लागते जी डिजिटल वाचून त्याचं व्होल्टेज बनवेल. ती चिप नसलेल्या केबली विकल्या जातात हे खरंच वाईट आहे, कारण त्या जवळपास कुठेच चालत नाहीत आणि घेणाऱ्याला वाटतं आपलं कार्ड गेलं. ओळखायचं कसं, तर दोन्ही टोकं सारखीच बारीक असतील, कुठेही फुगवटा नसेल, पाकिटावर कन्व्हर्टर किंवा अ‍ॅक्टिव्ह असं काही नसेल तर संशय घ्या. चालू असताना अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर थोडा कोमट लागतो, ते नॉर्मल आहे.

कन्व्हर्टर घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, त्याला यूएसबीची पॉवर जोडायची सोय आहे का. एचडीएमआयच्या पाच व्होल्टच्या पिनेवर कार्डाने निदान ५५ मिलिअँपिअर द्यायला हवेत इतकीच अट असते, प्रत्यक्षात बरीच कार्डं जास्त देतात पण काही खरोखरच हात आखडता घेतात, मग कन्व्हर्टर चालू होतो, चित्र येतं, पाच-दहा मिनिटांनी जातं, पुन्हा येतं. असं व्हायला लागलं की लोक ड्रायव्हर बदलत बसतात, तर ते पॉवरचं असतं, मायक्रो यूएसबीची वायर लावली की थांबतं. दुसरी गोष्ट, ताठ ठोकळ्यापेक्षा छोटी शेपटीसारखी वायर असलेला घ्या. एचडीएमआयला स्क्रू नसतो, लॅच नसतो, त्याच्यावर जड व्हीजीए केबल लोंबकळत राहिली की पोर्ट हळूहळू सैल होतो, शिवाय ठोकळा जाड असला की शेजारचा पोर्ट झाकला जातो.

दिशा हा अजून एक घोळ आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. एचडीएमआय ते व्हीजीए आणि व्हीजीए ते एचडीएमआय या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दिसायला अगदी सारख्या असल्या तरी. पहिली डिजिटलचं अ‍ॅनालॉग करते, दुसरी अ‍ॅनालॉगचं डिजिटल, आत चिपच वेगळी. तुम्हाला लागणारी पहिली, कारण कॉम्प्युटरकडून एचडीएमआय निघतंय. दुसरी कधी लागते, तर जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए आउटपुट आहे आणि मॉनिटर नवा एचडीएमआयवाला आहे तेव्हा, आणि तिला यूएसबी पॉवर लागतेच कारण व्हीजीएमधून पुरेशी वीज मिळत नाही, आवाजाची वायरही वेगळी द्यावी लागते कारण व्हीजीएत आवाज जातच नाही. वाचताना नेहमी 'कॉम्प्युटरकडून काय निघतं' ते आधी आणि 'मॉनिटरला काय पाहिजे' ते नंतर, असं वाचा.

डिस्प्लेपोर्टची दिशा तर फार जणांना फसवते. बहुतेक कार्डांचा डिस्प्लेपोर्ट दोन भाषा बोलतो. पोर्टाशेजारी डीपी अक्षरांबरोबर दोन अधिकची चिन्हं छापलेली असतील तर त्याला ड्युअल मोड म्हणतात. साधा पॅसिव्ह, म्हणजे स्वतः सिग्नल न बदलणारा, अडॅप्टर लावला की एका पिनेवरून कार्डाला कळतं पुढे डीव्हीआय किंवा एचडीएमआय आहे, मग कार्ड स्वतःच डिस्प्लेपोर्टचा सिग्नल सोडून एचडीएमआयचा सिग्नल द्यायला लागतं, अडॅप्टर फक्त व्होल्टेजची पातळी जुळवून देतो. म्हणून डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अडॅप्टर इतका साधा असतो. पण ही हुशारी कार्डाची आहे, मॉनिटरची नाही. त्यामुळे कार्डाला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल आणि तीच केबल उलटी लावली तर काहीच होणार नाही, तिथे एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट असा खास अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, यूएसबी पॉवरसकट. आणि डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए नेहमीच अ‍ॅक्टिव्ह, तो डिस्प्लेपोर्टमधूनच वीज घेतो, वेगळी लागत नाही, आणि मला विचाराल तर व्हीजीए मॉनिटरसाठी तो एचडीएमआयवाल्यापेक्षा जास्त बिनत्रासाचा असतो. तुमच्याकडे दोन डिस्प्लेपोर्ट असते तर तोच सांगितला असता, पण एकच आहे आणि तो २७ इंचीचा आहे.

तो २७ इंचीलाच का, तर हिशोब बघा. केबलमधून सेकंदाला किती पिक्सेल जाऊ शकतात त्याला मर्यादा असते. फुल एचडी ६० हर्ट्झला १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, लागतो. सिंगल लिंक, म्हणजे तारांचा एकच संच वापरणारा, डीव्हीआय १६५ पर्यंत जातो, म्हणजे २४ इंची आरामात बसतो, १९२० बाय १२०० पण बसतो. पण १४४०पी ६० हर्ट्झला साधारण २४१ लागतात, तो तिथे संपला. डीव्हीआयमध्ये ड्युअल लिंक असतं, मधल्या पिना भरलेल्या असल्या की ते, त्यावर २५६० बाय १६०० पर्यंत ६० हर्ट्झने जातं, पण डीव्हीआय ते एचडीएमआय अडॅप्टर लावला की ती दुसरी लिंक वापरता येत नाही कारण एचडीएमआयच्या प्लगमध्ये त्या तारा नसतातच. १४४०पी १४४ हर्ट्झला एचडीएमआय १.४ पुरत नाही, २.० पुरतं, पण कार्ड आणि मॉनिटर दोघांचाही पोर्ट २.० हवा आणि मॉनिटर कंपन्या कित्येकदा डिस्प्लेपोर्टला पूर्ण १४४ देतात आणि एचडीएमआयला कमी. डिस्प्लेपोर्ट १.२, जो २०१० सालचा आहे, त्याच्यात हे आरामात बसतं. शिवाय अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे मॉनिटरचे हर्ट्झ कार्डाच्या वेगाप्रमाणे बदलत ठेवणं, वापरायचं असेल तर सरळ डिस्प्लेपोर्ट सगळ्यात खात्रीचा, मध्ये अडॅप्टर आला की ते बहुतेक वेळा मरतं.

फोरके मॉनिटर असेल तर अजून सांभाळून. एचडीएमआय १.४ वर फोरके फक्त ३० हर्ट्झ मिळतं, माउस हलवला की लगेच जाणवतं, पॉइंटर घसरत गेल्यासारखा वाटतो. ६० साठी २.० लागतं. डिस्प्लेपोर्टला साधा पॅसिव्ह एचडीएमआय अडॅप्टर लावला तर जुना टाइप १ हा १६५ मेगाहर्ट्झपर्यंतचा, टाइप २ हा ३०० पर्यंतचा, म्हणजे फार तर फोरके ३०. पाकिटावर मोठ्या अक्षरात फोरके लिहिलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरात ३० हर्ट्झ असतं, ते बारीक अक्षर आधी वाचा. फोरके ६० पाहिजे तर अ‍ॅक्टिव्ह, त्यावर ६० हर्ट्झ स्पष्ट लिहिलेलं.

डिस्प्लेपोर्टच्या केबलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. काही स्वस्त केबलींमध्ये २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती ३.३ व्होल्ट पॉवरची पिन आहे आणि मॉनिटर ते कॉम्प्युटर अशा केबलमध्ये ती जोडलेली नसायला पाहिजे, कारण पोर्टला वीज द्यायचं काम दोन्ही बाजू आपापलं करतात. जोडलेली असली की मॉनिटरची वीज कार्डात शिरते, मग पीसी बंद केला तरी एखादा दिवा मंद चालू राहतो, किंवा चालूच होत नाही आणि केबल काढली की लगेच होतो. असं काही विचित्र दिसलं तर पॉवर सप्लायवर संशय घेण्याआधी केबल बदलून बघा. आणि काढताना वरची कळ दाबल्याशिवाय ओढू नका, तिला दोन आकडे असतात, जोर लावला तर पोर्टच बाहेर येईल.

जोडताना एक एक करत जोडा, तिन्ही एकदम नको. कॉम्प्युटर बंद करून आधी फक्त २७ इंची लावा, विंडोज चालू झालं, चित्र आलं, मग दुसरा, मग तिसरा. केबली कार्डाच्या पोर्टांना लावा, मदरबोर्डच्या नाही, कॅबिनेट मागून बघितलं तर वरच्या बाजूला उभे पोर्ट मदरबोर्डचे असतात आणि खाली आडवी पट्टी असते ती कार्डाची. मदरबोर्डचा एचडीएमआय किंवा व्हीजीए चौथ्या मॉनिटरसाठी वापरता येतो पण त्यासाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असायला हवं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, समजा आय५-१२४००एफ, त्यांच्यात ते नसतं आणि मदरबोर्डचे पोर्ट कायम मुके राहतात, त्यात मदरबोर्डचा दोष नाही. ज्यांच्यात असतं तिथेही कार्ड लावल्यावर बायोस बहुतेक वेळा ते बंद करतो, मल्टी मॉनिटर नावाचा पर्याय शोधून चालू करावा लागतो. मदरबोर्डला खरा व्हीजीए पोर्ट असेल आणि प्रोसेसरला ग्राफिक्स असेल तर तुमच्या १९ इंचीला कन्व्हर्टर न घेता तिथेच लावून बघा, फुकटात काम होईल. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेकपासून पुढे तो पोर्टही आतून कन्व्हर्टर चिपवरच चालतो, पण बोर्डावरच बसवलेली असल्यामुळे सहसा त्रास देत नाही.

व्हीजीए मॉनिटर जोडल्यावर बहुतेक वेळा पुढची अडचण येते रिझोल्यूशनची. मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे मी कोण, माझं रिझोल्यूशन काय, ही कॉम्प्युटरला दोन बारीक तारांवरून सांगतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीएच्या प्लगमध्ये ते १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जातं. प्लग उघडा धरून बघा, पाच-पाचच्या तीन ओळी आहेत. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन नसली तर घाबरू नका, ती बऱ्याच केबलींत मुळातच नसते. पण तिसऱ्या ओळीतली १२ किंवा १५ नसेल, वाकलेली असेल तर मॉनिटरची ओळख कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही, मग विंडोज त्याला जेनेरिक मॉनिटर म्हणतं आणि १०२४ बाय ७६८ वर अडकतं, किंवा कन्व्हर्टर आपल्या मनाने १०८०पी सांगतो आणि मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' दाखवतो. १९ इंची चौकोनी मॉनिटर साधारणपणे १२८० बाय १०२४ चा असतो, ६० हर्ट्झ, तेच सेट करायचं. ७५ हर्ट्झ दिसलं तरी ६० च ठेवा, कन्व्हर्टरवर उगाच ताण आणि अक्षरं थोडी मऊ होतात. केबल बदलूनही यादीत १२८० बाय १०२४ दिसत नसेल तर ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन घालता येतं.

चित्र आल्यावर तिथेच सोडू नका. अ‍ॅनालॉगमध्ये मॉनिटरला स्वतः अंदाज करावा लागतो की एक पिक्सेल संपून दुसरा कुठे सुरू होतो, तो अंदाज थोडा चुकला की अक्षरांच्या कडा थरथरतात किंवा उभ्या पट्ट्यांत धूसरपणा येतो. एखादं दाट मजकुराचं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा, काळी अक्षरं पांढऱ्यावर, आणि मग मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा. रिकाम्या काळ्या डेस्कटॉपवर दाबलं तर मॉनिटरला मोजायला काही नसतं आणि तो चुकीचं सेट करतो, म्हणून भरलेलं पान. तरी थरथर राहिली तर मेन्यूत फेज नावाचं सेटिंग असतं, एक एक पायरी सरकवत जा, एका जागी अक्षरं अचानक कडक होतात, तिथे थांबा. अक्षरांमागे उजवीकडे फिकट सावली दिसत असेल तर ती केबलची, लांब आणि बारीक व्हीजीए केबलमध्ये हे होतंच, जाड आणि छोटी लावा. इतकं केलं की तो जुना मॉनिटर मेल, चॅट, लॉग बघायला अजून सुंदर चालतो, तो भंगारात काढायची गरज नाही असं मी मनापासून मानतो.

एचडीएमआयवाल्या मॉनिटरला काळा रंग राखाडी आणि सगळं धुतल्यासारखं दिसत असेल तर कार्ड त्याला टीव्ही समजून मर्यादित रेंजचा रंग पाठवतंय, कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज फुल करा. कडा कापल्या जात असतील तर मॉनिटरच्या किंवा टीव्हीच्या मेन्यूत ओव्हरस्कॅन बंद करा. २४ इंचीला स्पीकर असतील तर डीव्हीआयवरून आवाज जाईलच याची खात्री नसते, काही कार्डं पाठवतात, काही नाही, तेव्हा स्पीकर पीसीलाच लावलेले बरे. आणि व्हीजीएवर कॉपी प्रोटेक्शन नसतं, त्यामुळे पैसे भरून बघायच्या स्ट्रीमिंगचा व्हिडिओ त्या १९ इंचीवर काळा किंवा कमी क्वालिटीत येऊ शकतो, तो दोष कन्व्हर्टरचा समजू नका, व्हिडिओ दुसऱ्या मॉनिटरवर न्या.

पुढे कधी चौथा मॉनिटर जोडावासा वाटला तर एचडीएमआयचा स्प्लिटर घेऊ नका, तो एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो, डेस्कटॉप वाढवत नाही. एका पोर्टातून दोन वेगळे डेस्कटॉप पाहिजेत तर ते काम डिस्प्लेपोर्टचा एमएसटी हब करतो, डिस्प्लेपोर्ट १.२ पासून ही सोय आहे, एका पोर्टावर फुल एचडीचे चारपर्यंत बसतात, पण बँडविड्थ वाटून जाते, त्यामुळे १४४ हर्ट्झच्या मॉनिटरबरोबर तो हब लावू नका. कार्ड एकूण किती मॉनिटर चालवतं ती मर्यादाही बघा, हल्लीच्या बऱ्याच कार्डांना चार असते, आणि पोर्ट जास्त असले म्हणून सगळे एकदम चालतील असं नाही. एएमडीच्या २००९ च्या एचडी ५००० सिरीजच्या काळात तर एचडीएमआय, डीव्हीआय, व्हीजीए मिळून दोनच चालायचे आणि तिसरा डिस्प्लेपोर्टवरच हवा असायचा, तिथे पॅसिव्ह अडॅप्टर लावला तर तो पण त्या दोघांतच मोजला जायचा कारण कार्ड एचडीएमआयचाच सिग्नल देत होतं, अ‍ॅक्टिव्ह लावला की तिसरा चालू. त्या काळातलं कार्ड अजून कुणी वापरत असेल तर हे लक्षात ठेवा. यूएसबीला लावायचे डिस्प्लेलिंकवाले अडॅप्टरही असतात, त्यात चित्र प्रोसेसर दाबून यूएसबीवरून पाठवतो, ड्रायव्हर टाकावा लागतो, एक्सेल आणि ब्राउझरला ठीक, गेमला नाही. डेस्कटॉपचा यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणून त्यातून चित्र निघेल असंही नाही, मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट लिहिलंय का ते बघा.

आता तिन्ही लागले की विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड करा, डिस्प्ले सेटिंगमध्ये चौकोन टेबलावरच्या क्रमाने ओढून ठेवा आणि त्यांच्या खालच्या कडा जुळवा, नाहीतर माउस कोपऱ्यात अडतो. २७ इंचीला अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ स्वतः निवडा, विंडोज कित्येकदा ६० वरच ठेवतं. आणि प्रायमरी मॉनिटर २७ इंचीच ठेवा, कन्व्हर्टरवरचा कधीच नाही. झोपेतून उठताना कन्व्हर्टर एखादा क्षण उशिरा जागा होतो, कधी कधी होतच नाही, तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि बहुतेक वेळा तो मॉनिटरही जागा होतो. तरी नाही झाला तर कन्व्हर्टर कार्डाच्या बाजूने काढून पुन्हा लावा. बायोसची स्क्रीन कन्व्हर्टरवर न दिसणं हेही होतं, ती २७ इंचीवर दिसली म्हणजे झालं.